न विसंबे क्षणभरी

(दृश्य: पहाट. जमिनीत रोवलेलं जातं, शेजारी सुपात ज्वारी.)

बसायच्या आधी आजी खुंटा हलवून बघतात. ढिला लागला की दगडाने दोन ठोके. सैल खुंट्याने प्रत्येक फेऱ्याला मनगटाला हिसका बसतो, आणि हिसका बसला की ओवी तुटते.

जातं उघडून पाहू. खालची तळी पक्की बसवलेली, तिच्या मधोमध लोखंडी खीळ. वरच्या तळीच्या तोंडात आडवा लाकडी तुकडा, त्याला भोक. त्या भोकात खीळ जाते आणि वरचा सगळा दगड तिच्यावर तोलून फिरतो. डाळ भरडायची असेल तर खिळीला चिंधी गुंडाळतात, म्हणजे वरची तळी किंचित उचलली जाते. आज ज्वारीचं पीठ आहे, चिंधी नको.

(दृश्य: गोपाळपूर, मंदिरातलं जातं.)

पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात हे जातं जनाबाईंचं म्हणून दाखवतात. जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं. ‘दळिता कांडिता, तुज गाईन अनंता, न विसंबे क्षणभरी, तुझे नाम गा मुरारी’ असं त्यांनी म्हटलं. विठोबा त्यांच्याबरोबर दळू लागला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. वारकऱ्यांना त्यात नवल वाटत नाही. भक्त जिथे कामात आहे तिथे देव येणारच.

पण क्षणभरही विसंबायचं नाही, म्हणजे नाम विसरायचं नाही, हे करायचं कसं? त्याची रीत या हातांत आहे.

(दृश्य: हात जवळून. एक खुंट्यावर, दुसरा सुपात.)

पहिली ओवी देवाची. मग आई-बाप, भाऊ, लेकरं, सगळे येतात. आवाज खुंट्याच्या ओढीबरोबर चालतो. ओळ संपते तिथे श्वास घ्यायला जागा असते आणि नेमका तेवढ्यात दुसरा हात सुपातून घास उचलून जात्याच्या तोंडात सोडतो. ओळ, श्वास, घास. पुन्हा ओळ. दोघी समोरासमोर बसल्या तर एक ओळ हिची, एक तिची, आणि खुंट्यावर दोघींचे हात. नाम घ्यायला वेगळी सवड काढावी लागत नाही, ते घासाला बांधलेलं असतं.

घास लहान हवा. मोठा टाकला तर दाणा नीट भरडायच्या आत बाहेर ढकलला जातो आणि पीठ जाडं पडतं. घास उशिरा पडला तर दगडावर दगड घासतो. आवाज कोरडा, कर्कश होतो, पिठात कच येते आणि भाकरी दाताखाली करकरते. ज्वारी दमट असेल तर पीठ तळीला चिकटून बसतं आणि जातं जड ओढतं. म्हणून धान्याला आधी ऊन दाखवायचं.

आता कान देऊन ऐका.

(दृश्य: फक्त जात्याची घरघर.)

मन दुसरीकडे गेलं की घास चुकतो, आणि घास चुकला की घरघर बदलते. जपमाळेचे मणी मन भरकटल्यावरही बोटांतून सरकत राहतात. जातं तसं चालू देत नाही, पुढच्याच फेऱ्याला बोलावून घेतं. नामस्मरणाला इतका चोख सोबती दुसरा नसेल.

(दृश्य: छिन्नी-हातोडी, दगडाची भुकटी.)

वापराने तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावावी लागते. छिन्नीने बारीक खाचे पाडतात, म्हणजे दगड पुन्हा दाणा धरतो. टाकीनंतरचं पहिलं दळण माणसांनी खायचं नाही, त्यात दगडाची भुकटी असते. ते जनावरांना जातं.

(दृश्य: अरण, सावता महाराजांचं मंदिर, मळा.)

देव कामातच भेटतो, हे जात्यापुरतं नाही. माढा तालुक्यातल्या अरणला संत सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण अरणला पांडुरंगाचीच पालखी सावतोबांच्या भेटीला येते.

विजेच्या गिरण्या आल्या, बायांचे पहाटेचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. पण ओव्या हरवल्या नाहीत, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या गेल्या आहेत.

(दृश्य: स्वयंपाकघर, पोळपाट-लाटणं.)

जातं नसलेल्या घरात हीच रीत पोळ्यांना लागू होते. एका लाटीला एक नाम, लाटी पोळपाटावर ठेवताना. दुसरं तव्यावर पोळी उलथताना. मधे गप्प राहिलं तरी चालेल. सुरुवातीला सगळ्या पोळ्यांना जमत नाही, पहिल्या दोन धरायच्या. पोळी एका कडेला जाड राहिली किंवा तव्यावर करपली, तर मन कुठे होतं ते कळतं. चिडायचं नाही, पुढची लाटी घ्यायची. मोबाइल मात्र त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा.