डेसिलू: निगेटिव्ह कुणाची?

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘डेसिलू: उदय आणि अस्त’. डेसिलू म्हणजे अमेरिकन विनोदी नटी ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा डेसी अर्नाझ यांची टीव्ही मालिका बनवणारी कंपनी. विनोदी मालिकांचा इतिहास सांगताना आपण नटनट्यांच्या किश्श्यांत रमतो आणि करारनाम्याचं पान उलटून पुढे जातो. माझ्या मते खरी गोष्ट त्या पानावरच आहे. म्हणून आधी एका कराराबद्दल सविस्तर बोलतो.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहेच. ल्युसिल बॉलची रेडिओ मालिका गाजत होती आणि सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला तीच गंमत टीव्हीवर हवी होती. तिनं अट घातली: पडद्यावरचा नवरा म्हणून माझा खराच नवरा घ्या. हा डेसी अर्नाझ, क्यूबाहून आलेला बँडवाला, इंग्रजीला स्पॅनिश हेल. असा नवरा लोकांच्या पचनी पडेल का, ही सीबीएसची धास्ती. तेव्हा १९५० मध्ये दोघांनी स्वतःची कंपनी काढली, तीच ही डेसिलू, जोडीनं रंगमंचावर दौरा केला आणि लोक पोट धरून हसतात हे दाखवून दिलं.

मालिका ठरली, ‘आय लव्ह ल्युसी’. आता प्रश्न आला, ती करायची कुठून? सिगारेटवाल्या प्रायोजकाला न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपण हवं होतं, कारण बहुतेक टीव्ही संच पूर्वेकडे. हॉलिवूडहून थेट दाखवलं, तर पूर्वेच्या वाट्याला टीव्हीच्या पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेली धुरकट प्रत येणार. या दोघांना घर सोडायचं नव्हतं. डेसी म्हणाला, सरळ ३५ मिलीमीटर फिल्मवर चित्रित करू. मग देशभर सारखंच स्वच्छ चित्र. पण फिल्मचा खर्च जास्त, तो कुणी सोसायचा? नवराबायकोनं आपला पगार आठवड्याला हजार डॉलरनं कमी करून घेतला आणि बदल्यात मागितलं एकच: निगेटिव्हची, म्हणजे जिच्यावरून पुन्हा पुन्हा प्रती काढता येतात त्या मूळ फिल्मची, मालकी डेसिलूकडे राहील. सीबीएसनं ती देऊन टाकली. एकदा दाखवून झालेली विनोदी मालिका पुन्हा कोण बघणार, असाच तो काळ होता!

पुढचं काम तर आणखी अवघड. ल्युसीला समोर प्रेक्षक लागत. त्यांच्या हशाशिवाय तिचा विनोद फुलत नसे. म्हणजे साधारण ३०० माणसं स्टुडिओत बसवायची, प्रवेश नाटकासारखा सलग करायचा आणि तरी तो सिनेमासारखा दिसला पाहिजे. एकाच वेळी तीन कॅमेरे लावणं अगदीच नवं नव्हतं, पण प्रेक्षकांसमोर ३५ मिलीमीटर फिल्मवर अशी मालिका घडवणं नवं होतं. त्यासाठी आणला कार्ल फ्रॉइंड, ‘मेट्रोपोलिस’ या गाजलेल्या मूकपटाचा छायालेखक. मधला कॅमेरा सगळं दृश्य धरणार, बाजूचे दोन चेहरे टिपणार, आणि तिघांना एकच प्रकाशयोजना चालली पाहिजे. त्यानं दिवे वर टांगले, जमीन मोकळी ठेवली, सेटसुद्धा करड्या छटांत रंगवून घेतले. संकलनाच्या टेबलावर तिन्ही चित्रं शेजारीशेजारी चालवणारं यंत्र आलं. त्याला तिथले लोक तीन डोक्यांचा राक्षस म्हणत. या भागांमधला हशा नीट ऐका. ल्युसी गोत्यात येणार असं दिसताच एक बाई ‘अ-ओ’ करते. ती तिची आई, डीडी.

दुसऱ्या हंगामात ल्युसी गरोदर होती. तिला विश्रांती मिळावी म्हणून जुने भाग पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते आवडीनं पाहिले! १९ जानेवारी १९५३ ला पडद्यावर बाळ जन्मलं, त्याच दिवशी प्रत्यक्षातही. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या शपथविधीला एवढे प्रेक्षक नव्हते. निगेटिव्हची किंमत आता सगळ्यांनाच कळली. आणि हे ज्याला आधी उमगलं, त्या डेसीचा उल्लेख अजूनही ‘ल्युसीचा नवरा’ म्हणून होतो, याचा मला मनापासून राग येतो. तो उद्योजक म्हणून मोठा होता!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. अस्त उरकतो.

वाढण्यासाठी डेसिलूला जागा हवी होती. त्यांनी ‘ल्युसी’च्या जुन्या भागांचे हक्क सीबीएसलाच विकले आणि १९५७ च्या अखेरीस आरकेओ स्टुडिओ घ्यायचं ठरवलं, किंमत ६० लाख डॉलरांच्या घरात. हे दोघं पहिल्यांदा भेटले होते ते आरकेओच्याच चित्रपटाच्या वेळी. माझ्या मते घसरण इथून सुरू झाली. सर्वांत कमावतं पोर दुसऱ्याच्या घरी गेलं आणि कंपनी हळूहळू स्टुडिओ भाड्यानं देणारी झाली. ‘अँडी ग्रिफिथ शो’, ‘डिक व्हॅन डाइक शो’ तिच्या आवारात चित्रित झाले, पण मालक दुसरेच.

१९६० मध्ये घटस्फोट. १९६२ मध्ये ल्युसीनं डेसीचा हिस्सा विकत घेतला आणि एवढ्या मोठ्या स्टुडिओची सूत्रं एका बाईच्या हाती आली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन: इम्पॉसिबल’, दोन्ही १९६६ ची, तिच्याच कारकिर्दीतली. खर्चिक मालिका म्हणून संचालक कुरकुरत होते, ती ठाम राहिली. पण १९६७ मध्ये तिनं गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाला कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरांना विकली. शेजारचा पॅरामाउंट स्टुडिओ त्यांचाच. दोन आवारं एक झाली.

त्या विक्रीत तिची चालू मालिका ‘द ल्युसी शो’ही गेली. लोकप्रिय असूनही तिनं ती बंद केली, कारण ती आता तिची नव्हती. १९६८ मध्ये ‘हिअर्स ल्युसी’ सुरू झाली, ती तिच्या नव्या, स्वतःच्या कंपनीतर्फे.