चमचा आणि चेअर

कुसुमाग्रजांच्या गावात उभं राहून इंग्रजी शिकवण्याविषयी बोलायचं म्हणजे जरा धाकधूक होतेच. पण मी इंग्रजीची वकिली करायला आलेले नाही. नोकरीभर नाशिकच्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये नेपाळला, तानसेन गावाजवळच्या एका सरकारी शाळेत तीन महिने विनामोबदला शिकवायला गेले. त्याविषयी बोलते.

परदेश म्हटलं की लोक विमानाचं विचारतात. मी नाशिकरोडला गोरखपूरची गाडी धरली, तिथून बसने सोनौली, आणि सीमा चालत ओलांडली. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. घड्याळ 15 मिनिटं पुढे केलं, झाला परदेश! त्याआधी एका संस्थेने याच कामासाठी माझ्याकडेच भलीमोठी फी मागितली होती. शिकवायचं फुकट आणि वर पैसेही आपणच मोजायचे. तो नाद सोडला, ओळखीतून थेट मुख्याध्यापकांना गाठलं.

वर्गात गेले तर फळ्यावर साल 2080. नेपाळात विक्रम संवत चालतं. तेव्हा शनिवारी सुट्टी असायची, रविवारी शाळा. पहिल्या रविवारी मी निवांत केस धूत बसले होते, बोलवायला मुलगा आला.

आता चूक सांगते, कारण ती माझीच आहे. पहिले दोन आठवडे मी वर्ग ताब्यात घेतला. गाणी, चित्रं, खेळ, मुलं खूश. तिथल्या इंग्रजीच्या मिस मागच्या बाकावर वही घेऊन गप्प बसायच्या. एक दिवस त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर मुलं मला विचारतील, तुम्हाला का नाही येत असं?" मला एकदम आपलं 2000 साल आठवलं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या आमच्या बाई अशाच अवघडल्या होत्या. आणि मी इथे पाहुणी येऊन दुसऱ्या बाईंना त्यांच्याच वर्गात मागे बसवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर मी.

तिथून कळायला लागलं. मुलं 'चेअर' म्हणत, तर त्यातला च आपल्या 'चाका'तला. नेपाळीत च तसाच, दातांजवळचा. गोऱ्या स्वयंसेवकाने दहादा 'चेअर, चेअर' म्हणून दाखवलं असतं. पण आपल्याकडे दोन्ही च आहेत! एक 'चमचा', दोन 'चमचे': म्हणून बघा, जीभ कुठे सरकते ती. नेपाळीतही चमच्याला चम्चाच म्हणतात. मी मिसना चमचे म्हणायला शिकवलं, मग त्याच 'च'ने चेअर. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी पायरीवर बसून चमचे-चमचे करतोय, शिपाई बघतोय.

श-सचंही तसंच. नेपाळी बोलण्यात श आणि स एकच होतात, त्यामुळे 'शी' आणि 'सी' यांत फरक राहत नाही. शिवाय नेपाळीत तो आणि ती, दोघांनाही 'ऊ'. मग 'माय मदर, ही इज...' असं होणारच. मुलं कच्ची नसतात हो, त्यांच्या भाषेचा हिशोब पक्का असतो. तो हिशोब मिसना माहीत होता, मला नव्हता. दुसऱ्या भाषेची खाच कुठे असते हे मला माहीत होतं, कारण मीही त्याच खाचेत पडून शिकलेय. आमची जोडी जमली ती एवढ्यावर.

इंग्रजीची ओढ कशासाठी, हे विचारायची गरज पडत नव्हती. एकाचे बाबा कतारला, एकीचा भाऊ मलेशियात. सातवीतल्या एका मुलाला पहिलं वाक्य हवं होतं ते, "माझा पगार कधी मिळेल?" पुस्तकात ते नव्हतं. आम्ही शिकवलं.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर मला एवढंच विचारा की कोणत्या बाईंच्या शेजारी बसायला जाऊ. कोणत्या देशात, ते नंतर बघू.

मिस अजून आवाजी निरोप पाठवतात. परवा आलेल्या निरोपात मागे अख्खा वर्ग 'शी सेल्स चेअर्स' ओरडत होता. श नीट आला होता. च अजून चाकाचाच. मिस हसत होत्या.