परमुलखातला एक आठवडा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'शिस्त आणि स्वातंत्र्य' असा छापलेला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु ज्या शिस्तीविषयी बोलायचे ती रोजच्या जगण्यात कशी दिसते, हे आधी सांगितले नाही तर पुढचा सगळा वाद हवेतच राहील. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि सोबत तशाच वेशातला दुसरा, असे घरोघरी धर्मप्रचार करत फिरणारे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे तरुण परदेशी राहून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असतील. त्यांना दारातून परत पाठवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण त्यांच्या मागे त्यांची जी टवाळी होते, ती मला फार लागते. त्यांचा धर्म मला पटलेला नाही, त्यांच्या ग्रंथावर माझा विश्वास नाही. तरीही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने घरदार, कॉलेज आणि मैत्रीण मागे ठेवून, आपण न निवडलेल्या देशात दोन वर्षे घालवणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा पंथ 1830 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला आणि प्रचारकार्य त्याच वर्षी सुरू झाले. आज मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी जातात. 2012 मध्ये मुलग्यांची किमान वयोमर्यादा एकोणीसवरून अठरावर आणली गेली, त्यामुळे बारावी संपताच थेट परमुलखात जाणारी मुले पुष्कळ वाढली. कोठे जायचे ते चर्चचे वरिष्ठ ठरवतात. अर्जदाराने फक्त हो म्हणायचे असते.

मी जपानमध्ये सप्पोरोला संशोधनासाठी राहत होतो, तेव्हा अशी एक जोडी आमच्याच गल्लीत राहायला होती. त्यांचा आठवडा मी जवळून पाहिला. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, मग स्वतःचा अभ्यास, जोडीदाराबरोबरचा अभ्यास, जपानीचा अभ्यास, त्यानंतर दिवसभर भेटी, आणि रात्री साडेदहाला दिवे बंद. सोमवार हा तयारीचा दिवस: कपडे धुणे, केस कापणे, आठवड्याचा किराणा, घरी ईमेल, आणि संध्याकाळी सहा वाजले की पुन्हा टाय. मधल्या दिवसांत आसपासच्या मिशनऱ्यांची बैठक, एका संध्याकाळी गावकऱ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग, आणि रविवारी उपासना. जोडीदाराने नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे, हा नियम सातही दिवस लागू. जोडीदारही आपण निवडायचा नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते आणि कालपर्यंत ज्याच्यासोबत एका खोलीत भात शिजवला, तो दुसऱ्या गावी निघून जातो.

आमच्या घरमालकीण आजी एकट्या राहत. सप्पोरोचा हिवाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की, पहाटे नगरपालिकेचे यंत्र रस्ता साफ करून जाते आणि जाता जाता प्रत्येक फाटकासमोर कठीण बर्फाचा बांध घालून जाते. तो फोडल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या कंबरेला ते झेपत नाही. ही दोन मुले एका सकाळी फावडी घेऊन फाटकाशी आली. धाकट्याला जपानला येऊन फार दिवस झाले नव्हते. प्रशिक्षण केंद्रातल्या काही आठवड्यांच्या शिदोरीवर तो जे बोलला ते इतके आदरार्थी आणि इतके अडखळत होते की, हा मुलगा आपल्याकडे काही मागतो आहे की देतो आहे, हेच आजींना कळेना. थोरल्याने मध्ये पडून सांगितले असते तर काम अर्ध्या मिनिटात झाले असते, परंतु तो गप्प उभा राहिला. धाकट्याने वाक्य पुन्हा जुळवले, फावड्याकडे बोट दाखवले, आणि आजींनी फाटकाची कडी काढली. त्या थोरल्याचे ते गप्प राहणे मला अजून महत्त्वाचे वाटते. स्वतः एकवीस वर्षांचा नसताना दुसऱ्याला चुकू द्यायचे, आणि तेही आपल्या देखत, हे कसब मी कित्येक प्राध्यापकांमध्येही पाहिलेले नाही.

बर्फ निघाल्यावर आजींनी रीतीप्रमाणे हिरवा चहा आणला. या पंथात चहा-कॉफी वर्ज्य. मुलांनी दोन्ही हातांनी पेला स्वीकारला, खाली ठेवला, आणि आपल्याला हा चालत नाही असे वाकून सांगितले. आजी क्षणभर ओशाळल्या, मग आत जाऊन भाजलेल्या बार्लीचा गरम काढा घेऊन आल्या, कारण त्यात चहाची पाने नसतात. त्यानंतरच्या प्रत्येक बर्फाच्या सकाळी तोच काढा तयार असे. मुले बदलत गेली, फावडी तीच राहिली. आजी शेवटपर्यंत आपल्या बौद्ध देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावत राहिल्या, आणि ते ठाऊक असूनही बर्फ काढण्यात खंड पडला नाही.

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. या चर्चचे पहिले मिशनरी 1901 मध्ये योकोहामाला उतरले. त्यांच्यातला अल्मा टेलर तेव्हा विशीही न गाठलेला होता. तो 1910 पर्यंत जपानमध्येच राहिला, आणि त्याने केलेले 'बुक ऑफ मॉर्मन' या पंथाच्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर 1909 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडचाही एक धागा आहे: 1852 मध्ये ह्यू फिंडले हा मिशनरी मुंबईत उतरला, पुण्याला गेला, आणि पाद्री व लष्करी अधिकारी या दोघांच्याही विरोधाला तोंड देत त्याने तिथे एक लहानशी मंडळी उभी केली. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, आणि मला ते द्यायला आवडेलही. पण अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे, तेव्हा पत्रिकेवरच्या विषयाकडे वळतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, या आठवड्याचा खरा कणा नियमांची संख्या नसून जोडी आहे. एकटे पडू न देणे आणि एकट्याने मिरवू न देणे ही दोन्ही कामे ती करते. पुरावा म्हणून अलीकडचे बदल पाहा. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, करता येई; त्या वर्षी दर आठवड्याला फोन आणि व्हिडिओ कॉल करण्याची मुभा मिळाली. त्याआधी 2017 मध्ये दैनंदिन वेळापत्रक सैल केले गेले. इतके नियम सैल झाले तरी जोडीचा नियम मात्र कायम राहिला, आणि कामही थांबले नाही.

दुसरी बाजू सांगणे भाग आहे. आजारपणामुळे किंवा मन खचल्यामुळे जे मुदतीआधी परततात, त्यांना घरी आणि गावात कमीपणाची वागणूक मिळाल्याचे अनेकांनी उघडपणे सांगितले आहे. जोडीदाराशी पटले नाही तर चोवीस तासांचा सहवास हाच जाच होतो. स्वातंत्र्य हवे असेल तर ते इथे हवे: मध्येच सोडून परत जातो असे सांगण्याचे, आणि त्यानंतरही मान शाबूत राहण्याचे. घराजवळ राहून समाजसेवा करण्याचा पर्याय चर्चने आता दिला आहे, तो मला म्हणूनच साप्ताहिक फोनपेक्षाही मोठा वाटतो.

खर्चाचा मुद्दा राहिला. अमेरिकेतील मुलासाठी 2020 पासून महिना 500 डॉलर भरावे लागतात, त्याआधी ते 400 होते, आणि देश महाग असो की स्वस्त, आकडा एकच. हे पैसे बहुधा मुलाची बचत आणि कुटुंब मिळून उभे करतात. त्यावरचे प्रश्न आता घेऊ या.