एक उड्डाण पुरेसं होतं

मार्च २०२५ मध्ये वैमानिक जॉन हेमिंग्वे डब्लिनला वारले. वय १०५. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये, म्हणजे जर्मन हवाई दलाविरुद्ध ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत, लढलेल्यांपैकी ते शेवटचे. ब्रिटनच्या बाजूने त्या लढाईत सुमारे २,९०० जण उडाले. ५४४ लढाई चालू असतानाच गेले, आणखी कित्येक युद्ध संपेपर्यंत. म्हातारपण वाट्याला आलं ते उरलेल्यांच्याच.

मला बोलायचंय ते त्यांच्या यादीबद्दल. त्या यादीत नाव यायला पराक्रम गाजवावा लागत नव्हता. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात, ठरवून दिलेल्या एखाद्या स्क्वाड्रनमधून एक तरी लढाऊ उड्डाण केलेलं असलं की झालं. विमान पाडलं का, पदक मिळालं का, हा प्रश्नच नाही. पोलंडचे १४५ वैमानिक यादीत आहेत, झेक आहेत, न्यूझीलंडचे आहेत. वैमानिकाच्या मागे बसून मशिनगन चालवणारे गनरसुद्धा आहेत! २००५ मध्ये लंडनला थेम्सकाठी स्मारक झालं, त्यावर ही सगळी नावं कोरली. पहिल्याच फेरीत गेलेलं पोरगं आणि डझनभर विमानं पाडणारा नामांकित वैमानिक, दोघंही तिथे. मला हा हिशेब फार शहाणपणाचा वाटतो.

हेमिंग्वेंनाच बघा. ऑगस्ट १९४० मध्ये दहा दिवसांच्या आत त्यांना दोनदा विमानातून उडी टाकावी लागली. पहिल्यांदा समुद्रात पडले. दीपनौकेवरच्या, म्हणजे दीपस्तंभाचं काम करणाऱ्या नौकेवरच्या, लोकांनी वल्ह्यांची होडी घालून त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या वेळचं त्यांचं हरिकेन विमान एसेक्सच्या दलदलीत रुतलं. २०१९ मध्ये ते उकरून काढलं, तेव्हा नियंत्रण-दांड्यावरचं मशिनगनचं बटण ‘फायर’वरच होतं. हे गृहस्थ मात्र जन्मभर सांगत राहिले, की आपलं नशीब चांगलं होतं.

आता आपल्याकडे या. १९७१ चं युद्ध म्हटलं की हवाई दलातलं नाव निघतं परमवीरचक्र मिळालेल्या निर्मलजीत सिंग सेखोंचं, आणि मराठी घरांत दिलीप पारुळकरांचं. निघायलाच हवं. पारुळकर रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह भिंत फोडून निसटले, पार अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. जवळच्या जुन्या नकाशात लंडी खाना हे स्टेशन होतं, म्हणून तिकडची चौकशी केली. ते स्टेशन १९३२ पासून बंद! तिथेच लोकांना संशय आला आणि ते पकडले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये पारुळकरही गेले.

पण १९७१ मध्ये जे हवाई दलात बावीस-पंचवीस वर्षांचे फ्लाइंग ऑफिसर, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, होते, ते आज शहात्तर ते ऐंशीच्या घरात आहेत. बहुतेकांना पदक नाही. रोज उड्डाणं केली, परत आले, निवृत्त झाले. त्यांतला एखादा तुमच्या सोसायटीत मेंटेनन्सच्या मीटिंगला येत असेल.

त्यांना बोलावतो तेव्हा आपण काय करतो? शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं चाळीस मिनिटांचं भाषण, आणि सत्कारमूर्तींना ‘दोन शब्द’. हे उलटं करा. पाहुणे नकोतच. समोर बसा, रेकॉर्डिंग सुरू करा, आणि ‘भीती वाटली का?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर त्यांनी शंभरदा दिलेलं असतं. कुठला तळ, कुठलं विमान, टाकीत इंधन किती मिनिटांचं, परतताना किती उरलं होतं, आणि शेजारून उडालेला जो परत आला नाही त्याचं नाव काय, हे विचारा.