वस्तरा पाजवताना

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजोबांच्या धोकटीत तीन वस्तरे होते. सोलापुरात मंगळवार बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लिंबाखाली ते बसायचे. पहिलं गिऱ्हाईक टेकायच्या आधीच पट्ट्यावर वस्तऱ्याची फटफट सुरू झालेली असायची.

आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो आणि दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. रक्तातून पसरणारे आजार लक्षात घेता ते योग्यच आहे. मी आज बोलतोय तो सबंध पात्याच्या वस्तऱ्याबद्दल, जो एकाच माणसानं स्वतःच्या दाढीसाठी वापरायचा.

असा वस्तरा केस ओढायला लागला की नवशिके लगेच दगड काढतात. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा त्याला दगड नको असतो, पट्टा हवा असतो. धारेचं टोक इतकं पातळ असतं की दाढी करताना ते जागोजागी वाकतं. दगड पोलाद झिजवतो. पट्टा ते टोक सरळ करतो.

म्हणून दर दाढीआधी वीसेक हात कापडावर आणि पन्नासेक हात चामड्यावर. कापड सुती, घट्ट विणीचं, खळ धुऊन काढलेलं हवं. विणकरांच्या या गावात ते मिळायला अडचण नाही. जॅकार्ड नक्षीची चादर मात्र घेऊ नका, तिची वीण उंचसखल असते. पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे चालते. टोकाला पोचलात की वस्तरा पाठीवर लोळवून उलटायचा, धारेवर कधीच नाही. लहानपणी मी तो धारेवर उलटला आणि आजोबांचा पट्टा मधोमध कापला गेला. त्यांनी पुढची कितीतरी वर्षं ती खाच चुकवत हात मारले. पट्टा ताणून धरा; तो ढिला पडला की चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. जोर द्यायचा नाही, पात्याचं स्वतःचं वजन पुरे.

पट्ट्यानंही धार परत येईना, तेव्हा दगड. रोज दाढी करणाऱ्यावरही ही वेळ काही महिन्यांनीच येते. दगडाचा नंबर जितका मोठा तितके त्याचे कण बारीक; धारेला खाच पडली असेल तरच 1000 नंबरपासून सुरुवात करा, नाहीतर 8000 आणि मग 12000 पुरतो. बेल्जियमच्या आर्देन भागात पिवळसर दगड निघतो, त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात. जुने कारागीर त्यावर जीव टाकतात. दगड कुठलाही असो, सपाट हवा.

इथे दिशा उलटी, धार पुढे. कोन किती धरायचा, हा प्रश्नच येत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकल्या की कोन आपोआप ठरतो. पातं 20 मिलिमीटर रुंद आणि पाठ 5.5 मिलिमीटर जाड असेल, तर तो 16 अंशांच्या आसपास येतो. दगड अरुंद असला तर मुठीकडून टोकाकडे तिरपा हात घ्या, म्हणजे सगळी धार दगडावरून जाते. आणि पाण्याकडे बघा. धार जमली की दगडावरचं पाणी सगळ्या लांबीभर एकसारखं पात्यावर चढतं. एखाद्या जागी ते चढत नसेल, तर काम तिथे राहिलंय.

पारख अंगठा फिरवून करू नका. मनगटावरच्या केसांवरून, कातडीला न लावता वस्तरा न्या. केस गळून पडले की झालं.

दाढीनंतर पातं कोरडं पुसा. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. पावसाळ्यात मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावाच. खोबरेल नको, ते चिकटतं.

आजोबांच्या तिघांतला एक वस्तरा माझ्याकडे आहे. पातं झिजून बरंच अरुंद झालंय. पण दगडावर पाठही टेकत असल्यामुळे तीही सोबतीनं झिजली, आणि कोन जवळजवळ तोच राहिलाय. आज सकाळी मी त्यानंच दाढी केली.

नमस्कार.