कोयनेकाठी शनिवार, कृष्णेकाठी रविवार

[दृश्य : बामणोलीचा धक्का. काठाला ओळीने लावलेल्या लाँच. पाण्यावर सकाळचं धुकं.]

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासचं पठार ओलांडायचं आणि पलीकडे वळणावळणाने उतरत कोयनेच्या पाण्यापर्यंत यायचं. गावाचं नाव बामणोली. समोर पसरलाय तो शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. पलीकडच्या काठावर दाट जंगल आणि त्या जंगलाच्या माथ्यावर किल्ले वासोटा.

वासोट्याला एकट्यादुकट्याने जाणं खिशाला परवडत नाही. लाँच अख्खी ठरवावी लागते, म्हणून आधी माणसं जमवायची. कुणाला रजा नसते, कुणाच्या घरी पाहुणे असतात, कुणी शुक्रवारी रात्री अकराला कळवतं की येतोय. पण एकदा गाडीत बसलं की सगळं टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, आणि मग पहाटेच्या पहिल्या चहापर्यंत कुणाचीही तक्रार राहत नाही.

धक्क्यावर ओळखपत्रं दाखवायची, वनखात्याची परवानगी घ्यायची, शुल्क भरायचं. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. गडावर मुक्कामाला मनाई आहे आणि संध्याकाळी अंधारायच्या आत लाँच परत आलीच पाहिजे. काही जणांना या अटी जाचक वाटतात. मला तर वाटतं, वासोटा आजवर वासोटा राहिलाय तो यांच्यामुळेच.

[दृश्य : लाँच पाणी कापत निघते. चालवणाऱ्याचा हात सुकाणूवर.]

तास-दीड तासाचा हा जलप्रवास. लाँच चालवणारी माणसं याच खोऱ्यातली. धरणाचं पाणी चढत गेलं तेव्हा नदीकाठची घरं, भातखाचरं, देवळं त्याखाली गेली. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य जाहीर झालं आणि २०१० साली चांदोली राष्ट्रीय उद्यानासह इथला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. प्रत्येक वेळी या खोऱ्यातल्या माणसांना मागे सरकावं लागलं. आज त्यांचं पोट बऱ्याच अंशी आपल्यासारख्या शनिवार-रविवारी येणाऱ्यांवर चालतं. म्हणून भाड्यावरून घासाघीस करण्याआधी लाँचवाल्याला त्याचं गाव विचारावं. बऱ्याचदा तो हाताने मधलं पाणी दाखवतो, म्हणतो, ‘तिकडं होतं. आमच्या आज्याचं घर तिथं.’

पायथ्याला उतरलं की वनखात्याची चौकी. सॅकमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं मोजून लिहून घेतात, त्यावर अनामत ठेवतात. येताना तेवढ्याच वस्तू दाखवायच्या आणि पैसे परत घ्यायचे. ही साधी सोपी पद्धत महाराष्ट्रातल्या प्रत्येक गडावर यायला हवी.

[दृश्य : ओढा. दगडांवर शेवाळ. झाडाखाली मारुती आणि गणपतीच्या मूर्ती.]

ओढ्याकाठी मारुती आणि गणपती आहेत. नमस्कार करून चढण सुरू. इथून पुढे ऊन फक्त ठिपक्याठिपक्यांनी खाली येतं. जांभूळ, हिरडा, अंजनी, खाली कारवीचं रान.

[दृश्य : ओल्या मातीतला ठसा, जवळून.]

हा बघा गव्याचा खूर. मधोमध दुभंगलेला, माणसाच्या पंजाएवढा रुंद. कडा अजून ढासळलेल्या नाहीत, म्हणजे फार वेळ झालेला नाही. पाण्यावर येऊन गेलाय. थोडं पुढे एक वारूळ बाजूने उकरलेलं दिसतं. हे काम अस्वलाचं. बिबट्या, सांबर, भेकर, सगळे इथे आहेत, पण ते दिसतील म्हणून जाऊ नये. या जंगलात प्राणी आधी मातीवर आणि सालीवर वाचायचा असतो. ते वाचायला डोळे जास्त लागतात. एकाला खूर दिसतो, दुसऱ्याला पीस, तिसऱ्याला वास येतो. मित्रांबरोबर जंगलात जाण्यातलं खरं सुख हेच.

[ध्वनी : वरून कडकड आवाज, फांदी हलल्याची सळसळ.]

थांबा. वर बघा.

शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पाठ तपकिरी-तांबूस, पोट साईच्या रंगाचं, शेपूट अंगाहून लांब. या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेतं, जमिनीवर क्वचितच उतरतं. त्या शेंड्याला काटक्यांचा गोळा दिसतोय ना, ते त्याचं घरटं. मुद्दाम बारीक फांदीच्या टोकाला बांधलेलं, कारण तिथे जड शिकारी पोचू शकत नाही. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. म्हणजे त्याला एक झाड पुरत नाही, माथ्याला माथा लागलेली सलग झाडी लागते. मधली दहा-वीस झाडं तोडली की त्याचा रस्ताच तुटला. खिशात स्पीकर घेऊन चढणाऱ्या एखाद्या टोळक्याला हे कळकळीने सांगावंसं वाटतं : गाणी गाडीत लावा, इथे नको. तुमच्या आवाजाने शेकरू गप्प होतं आणि मागून येणाऱ्याचाही दिवस जातो.

वर वाटेला फाटा फुटतो. एक वाट नागेश्वराच्या गुहेकडे, दुसरी गडावर. आपण गडाची धरू.

[दृश्य : गडमाथा. छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, वाड्याचे चौथरे. मग अचानक कडा.]

हा बाबूकडा. इंग्रजी यू अक्षरासारखा आत वळलेला, सरळ तुटलेला. त्याच्या पलीकडची टेकडी म्हणजे जुना वासोटा. आपण उभे आहोत तो किल्ला १६६० साली स्वराज्यात आला आणि शिवाजी महाराजांनी त्याला नाव दिलं व्याघ्रगड. पुढे तो औंधच्या पंतप्रतिनिधी या सरदार घराण्याकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाशी प्रतिनिधींचं बिनसलं आणि ते कैदेत पडले, तेव्हा ताई तेलीण नावाची बाई हा गड धरून बसली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले चालून आले, तरी तिने कित्येक महिने किल्ला झुंजवला. तिच्याविषयी कागदोपत्री फार काही नाही. पण या चौथऱ्यावर बसून चारी बाजूंची दरी बघितली की तिच्या जिद्दीची थोडीफार कल्पना येते. खाली रान, मागे कोकणात कोसळणारा कडा, रसद यायला एकच वाट.

१८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा केला. आपण उभे आहोत त्या जागेवरून ती टेकडी इतकी जवळ दिसते की लढाईचा निकाल लगेच समजतो.

डबे उघडायचे इथेच. धपाटे, ठेचा, कुणाच्या आईने दिलेल्या तिळाच्या पोळ्या. आणि घड्याळाकडे लक्ष. लाँच थांबत नाही.

[दृश्य : रात्र. बामणोली. चुलीवर भाकरी.]

रात्री बामणोलीत पिठलं-भाकरी. पायाचे तुकडे पडलेले असतात, तरी गप्पा सरत नाहीत.

[दृश्य : रविवार सकाळ. पाचवडचा फाटा. मग वाई, कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती.]

साताऱ्याला उतरून महामार्गाने पाचवड आणि तिथून वाई. गड आणि जंगल झालं की बरेच जण थेट घर गाठतात. तसं करू नका. ज्या पंतप्रतिनिधींचा वासोटा काल बघितला, त्याच औंधकर प्रतिनिधींकडून नाना फडणवीसांना वाईजवळचं मेणवली गाव मिळालं आणि तिथे त्यांनी वाडा बांधला. गड बघितला आणि वाडा राहिला, तर गोष्ट अर्धीच हाती लागते. लढाया कड्यांवर झाल्या, पण त्यांचा हिशोब मांडला गेला तो अशा वाड्यांमध्ये.

[दृश्य : मेणवलीचा वाडा. चौकामागून चौक.]

सहा चौकांचा हा वाडा. जाडजूड भिंती, लाकडी खांब, भिंतींवर देवादिकांची रंगवलेली चित्रं, काही ठिकाणी पुसट झालेली. बाहेर ऊन कितीही तापलं तरी आतल्या सोप्यात पाऊल टाकताच गारवा जाणवतो. नाना मूळ बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२ सालचा, साताऱ्याचा. पानिपतातून जिवंत परतलेला हा माणूस पुढे कित्येक वर्षं मराठी राज्याचा कारभार चालवत होता. त्या कारभाराचे कागद इथे जपले गेले, इतिहासाचे अभ्यासक त्यांना मेणवली दफ्तर म्हणून ओळखतात. वाड्यात मोठ्याने बोलू नये, खांबांवर हात घासू नये, भिंतीला टेकून फोटो काढू नयेत. दोन-अडीचशे वर्षं टिकलेला रंग खांद्याच्या घामाने जातो.

मागच्या दाराने बाहेर पडलं की घाट. दगडी पायऱ्या नदीपर्यंत उतरतात, काठाला मेणेश्वराचं देऊळ.

[दृश्य : छोट्या मंडपात टांगलेली घंटा, जवळून.]

ही घंटा नीट बघा. तिच्यावर बाळाला कडेवर घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यातल्या बऱ्याच देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरला अशी एक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही एक. चित्र कुणी खरवडलं नाही, आकडा कुणी घासला नाही. जशी आली तशी देवासमोर टांगली. मला हे फार मोलाचं वाटतं.

[दृश्य : घाटावर मित्र, पाण्यात पाय सोडून. कागदावर नकाशा.]

काल कोयना, आज कृष्णा. दोन्ही महाबळेश्वरी उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि कराडला समोरासमोर येऊन मिळतात. पुढचा रविवार त्या प्रीतिसंगमावर काढायचा हे घाटावरच ठरतं. गाडी कुणाची न्यायची, यावर मात्र वाई सुटेपर्यंत एकमत होत नाही.