एफवाला बोल्ट

मंडळी, पत्रिकेत विषय 'जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा अस्सलपणा' असा भारदस्त छापलाय. मी बोलणार आहे बोल्टवर. घरी जुनी गाडी असलेल्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. बाकीचे आयोजकांचे नातेवाईक असणार, त्यांनी सांभाळून घ्यावं.

उदाहरण महायुद्धातल्या जीपचं घेतो. आराखडा विलीज या अमेरिकन कंपनीचा, पण अमेरिकन सैन्याची भूक एवढी की फोर्डलाही कामाला जुंपलं. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. विलीजने साडेतीन लाखांच्या वर बांधल्या, फोर्डने पावणेतीन लाखांच्या वर. लांबून दोघी जुळ्या बहिणी. खाली वाकून पाहिलं तर चेसिसची पुढची आडवी दांडी विलीजची गोल नळी, फोर्डची उलट्या यू-सारखी. आणि फोर्डने आपल्या भागांवर एफ ठोकला, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा! उद्या काही मोडलं तर दुसऱ्याच्या मालाची भरपाई आपल्या गळ्यात नको, असं त्याचं कारण सांगतात. आमच्या जमातीत तो एफ म्हणजे कुळाचा दाखला झालाय.

आता माझं दुखणं ऐका. माझी जीप फोर्डची, युद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या डिस्पोजलच्या मालातली. एका स्पर्धेत परीक्षक आले, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आणि टॉर्च घेऊन. बॉनेटखाली डोकं घातलं ते पाच मिनिटं बाहेर काढेनात. मला वाटलं, चक्कर आली. बाहेर आले आणि म्हणाले, 'काचेच्या चौकटीच्या बिजागरीच्या बोल्टला एफ नाही.' गुण कापले! शेजारी एक जीप उभी होती, नखशिखांत एफ. त्या गृहस्थांनी सगळे बोल्ट परदेशातून डब्यात मागवलेले. मी हात लावून पाहिला. अक्षराच्या कडा नखाला टोचत होत्या. जुन्या बोल्टवरचा एफ असा नसतो हो. ऐंशी वर्षांच्या रंगाने त्याचं पोट भरलेलं असतं, शेपूट पुसट झालेली असते, आणि पाना घसरून घसरून षटकोनाचे कोपरे गोल झालेले असतात. बक्षीस अर्थातच त्या डब्याला मिळालं. (तुम्ही हसताय, माझी बायको तेव्हा हसली नव्हती. ती उन्हात तीन तास छत्री धरून उभी होती.)

बरं, माझ्या बिजागरीचा बोल्ट आला कुठून? लष्कराच्या वर्कशॉपमध्ये जीप उघडली की भाग एका ढिगात जायचे. जोडताना फिटर हाताला लागेल तो बोल्ट लावायचा, एफ बघत बसायला त्याला सवड कुठली? पुढे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या आणि आपल्याकडे सुट्या भागांची ददात मिटली. मग सांगाडा फोर्डचा, इंजिन विलीजचं, मडगार्ड महिंद्राचं, असा त्रिवेणी संगम. जाता जाता सांगतो, 'युद्धातली आहे' म्हणून कोणी जीप विकायला आला तर आधी ग्रीलच्या उभ्या खाचा मोजा. युद्धातलीला नऊ, नंतरच्या नागरी विलीजला सात. यावरून माझं एका मावसभावाशी बोलणं बंद आहे, पण तो विषय...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत म्हणे. मुद्द्यावर येतो.

नव्याने केलेल्या भागाला माझा विरोध नाही. ब्रेकचा होज, रबरी सील, वायरिंग नवीनच घाला, अस्सलपणापायी कोणी मरू नये. माझं भांडण आहे ते जुन्याचं सोंग घेणाऱ्या भागाशी. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्यात स्वच्छ लिहिलंय की भर घातलेला भाग मूळ वास्तूशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखूही यावा. हे देवळाच्या खांबाला लागू, मग बोल्टला का नको? आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची नोंदणी दिली. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, एवढं ते बघतात. बोल्ट आपल्यावरच सोडलेत.

माझं मागणं दोनच गोष्टींचं. नवीन एफवाला बोल्ट खुशाल लावा, पण डोक्याच्या आतल्या बाजूला, वॉशरखाली झाकलं जाईल असं, तो बनवल्याचं साल ठोका. डॅशबोर्डवरच्या पाट्यांचंही तेच. बाजारात कोऱ्या पाट्या मिळतात, त्यांवर हवा तो क्रमांक आणि तारीख ठोकता येते. बोल्टने फार तर परीक्षक फसतो, पाटीने उद्याचा गिऱ्हाईक फसतो. आणि काढलेला जुना भाग भंगारात देऊ नका, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. परीक्षकांनी तो डबाही मागून बघावा आणि त्याला गुण द्यावेत.

वेळ संपली. कार्बोरेटरचं राहिलं, ते चहाच्या वेळी विचारा. माझी जीप खाली लावलीय, पण दार कोणी टेकून उभं राहू नका, म्हणजे टेकायला दारच नाहीये.